रबराचं बूच आणि विहिरीतलं दूध

परत आल्यापासून जो तो विचारतोय, बिदरचा किल्ला पाहिलास ना? नाही पाहिला. काळ्या धातूवर चांदीची तार ठोकलेली ती सुरई आणलीस ना? तीही नाही आणली. मग सहा दिवस तिकडे काय करत होतास, असं विचारल्यावर मी ‘एका बोअरमध्ये बूच घालत होतो’ असं सांगतो, आणि लोक विषय बदलतात. म्हणून शेवटी हे लिहायला बसलो. ज्यांना किल्ल्याची माहिती हवी असेल त्यांनी इथंच थांबावं.

सांगलीला माझा रबराच्या वस्तूंचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द मी आणि माझी बायको वापरतो. बघणाऱ्याला तीन खोल्या, एक प्रेस आणि भरपूर वास एवढंच दिसतं. पंपाचे वायसर, पायपांच्या रिंगा असला माल आम्ही करतो. गेल्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, वेगळंच काम आलं. पोटरीएवढ्या जाडीचं, हातभर लांब रबराचं बूच. ते पायपाला बांधून बोअरमध्ये खोल सोडायचं आणि आत पाणी भरून फुगवायचं, म्हणजे ते दगडाला गच्च धरतं. मग बुचाच्या खाली मशिननं जोरात पाणी दाबायचं. दगडात केसासारख्या भेगा असतात, त्या दाबानं रुंदावतात, पुढं सरकतात, आणि जवळपास कुठं पाणी अडून बसलं असेल तर त्याला बोअरपर्यंत वाट मिळते. कोरड्या बोअरला पाणी आणायची ही युक्ती. माझी पहिली दोन बुचं फाटली. तिसरं मी स्वतःच घेऊन निघालो, कारण फाटणार असेल तर कुठं फाटतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

उदगीरच्या पुढं

उदगीरपर्यंतच्या प्रवासात घाम सोडून सांगण्यासारखं काही नाही. बूच मी बायकोच्या जुन्या लाल लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या बाईनं बराच वेळ त्याच्याकडं मायेनं पाहिलं आणि मग हळूच विचारलं, “लई शांत हाय लेकरू. किती म्हैन्याचं?” मी लुगडं बाजूला करून दाखवल्यावर ती खिडकीकडं सरकली ती उतरेपर्यंत तशीच बसली.

उदगीर सुटलं की बसमधली भाषा बदलायला लागते, पण एकदम नाही. एकाच वाक्याचं तोंड मराठी, पोट कानडी आणि शेपूट दखनी उर्दू. कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटेत चाक पंक्चर झालं तेव्हा पुढच्या बाकावरचे आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले, “हाळातु!” मी शेजाऱ्याला अर्थ विचारला. “हाळ म्हंजे वाटोळं. नास झाला म्हनायलेत.” मी लगेच वहीत टिपून घेतलं. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अक्का म्हणजे थोरली बहीण, बा म्हणजे ये, बावी म्हणजे विहीर, हाळ म्हणजे वाटोळं. बिदरच्या वेशीवरचं नौबाद येईपर्यंत माझ्या वहीत दहा शब्द झाले होते आणि आपल्याला कानडी येतं असा माझा ठाम समज झाला होता. त्या समजानं पुढं काय दिवे लावले ते सांगतोच.

नौबाद

मशिनचा ट्रक आणि त्यावरचे इंजिनियर वेंकटराव मला नौबादला भेटले. वेंकटराव हैदराबादकडचे, घरात तेलुगू आणि बाहेर दखनी. आधी त्यांनी तेलाच्या विहिरींवर नोकरी केली होती. मी हात जोडून नमस्कार करत होतो तेव्हा ते माझ्या बुचाला चिमटे काढून बघत होते.

“पिछला वाला बहुत जल्दी फटा,” ते म्हणाले. “इसकू क्या खिलाके लाए?”

“काजळी जास्त घातलीय,” मी म्हणालो, आणि आमचं जमलं.

ट्रकमध्ये पाणी भरेपर्यंत त्यांनी मला जवळच्या माळावर नेलं. तिथं लाल मातीत ओळीनं जुन्या विहिरींची तोंडं आहेत, खालून एकमेकींना भुयारानं जोडलेली. बादशाही काळात कुणीतरी जाणत्यांनी ती खोदली. बिदरचा माळ वर लाल जांभ्याचा, खाली काळ्या पाषाणाचा. मुरलेलं पाणी जांभ्यातून उतरतं आणि काळ्या दगडावर येऊन अडतं. दोन्हींच्या मधे शाडूसारख्या पांढऱ्या मातीचा पातळ थर असतो. जुन्या लोकांनी भुयार नेमकं त्या सांध्यातून नेलं होतं. “बिना मशिन के पकड़े वो लोगां,” वेंकटराव म्हणाले, आणि वाकून त्यांनी त्या काळोख्या तोंडात एक खडा टाकला. बऱ्याच वेळानं डुबुक असा आवाज आला.

मग ते तेलावर घसरले. परदेशात शेल नावाचा दगड असतो, वहीच्या पानांसारखा थराथराचा, आणि पानापानांत तेल दडलेलं. पण ते वाहत नाही, कारण वाटच नाही. तिथंही असंच पाणी दाबून भेगा पाडतात. भेग मनमानी पळत नाही, जिकडं दगडावर दाब कमी तिकडं ती उघडते, आणि वाटेत जुनी चीर भेटली तर तिचा हात धरून वळते. दाब काढला की मिटू बघते, म्हणून तिच्यात बारीक वाळू भरून ठेवतात. “और अपने इधर?” मी विचारलं. एव्हाना मीही दखनी बोलायला लागलो होतो. “इधर पत्थर जरा खिसकता, फिर बराबर बैठता नहीं. थोड़ी फट रह जाती. पानी कू उतनाच होना.”

वस्ती

आमचं काम कमठाण्याच्या पलीकडं एका लहान गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांनी मला जेवू घातलं आहे. गावाच्या कडेला बौद्धांची पंचवीस-तीस घरांची वस्ती आहे आणि वस्तीच्या तोंडाशी हातपंप. पंपाचा दांडा कोरडाच खडखडायचा. बोअर फेल म्हणून कागदावर लिहून झालं होतं. ही शेवटची खटपट. ती फसली तर पंप उपटून दुसऱ्या गावाला बसवायचा हुकूम निघालेला होता.

माझी सोय तुकाराम मास्तरांकडं होती. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवतात, हळू बोलतात, आणि कुठलीही गोष्ट सांगण्याआधी चष्मा पुसतात. घरात बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं रोजची ताजी फुलं. मास्तरांची बायको अनुसयावहिनी आणि मास्तरांची आई गयाबाई. सत्तरीच्या गयाबाईंना ऐकू कमी येतं पण दिसतं सगळं.

पहिल्याच सकाळी वहिनींनी विचारलं, “सुशीला चालंल का तुम्हाला?” मी दचकलो. म्हटलं, कोण सुशीला? घरात तर कुणी दिसत नाही. मास्तर चष्मा पुसत हसायला लागले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन केलेला नाश्ता. आमच्याकडं चुरमुरे भडंगात जातात, त्यांना भिजवायचं धाडस कुणी करत नाही. दोन ताटल्या खाल्ल्या. गयाबाई बघत होत्या. म्हणाल्या, “नाव इचारूस्तोवर पोटात गेली की सुशीला!”

दुपारी अंबाडीची आंबट भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली आणि टम्म फुगली. वेंकटराव घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. “ये देखो जी! येइच है अपना काम!” वाफ भाकरीत कोंडते, पापुद्र्याच्या मधून वाट काढत पसरते, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थर सुटतो. पण कुठं भोक पडलेलं असेल तर वाफ निसटते आणि भाकरी तशीच पडून राहते. वर बूच हवं ते एवढ्यासाठीच. मी इतकी वर्षं रबर शिजवतोय, पण माझ्या मालाचं इतकं सोपं वर्णन मला कधी जमलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “मंग तुमच्या बुचाला म्हनावं, भाकरी बिगाडू नको.”

संध्याकाळी मी मास्तरांबरोबर बोअरच्या आसपास फिरलो. शंभर पावलांवर एक बांधीव विहीर होती, काठावर रहाट, आत उन्हाळ्यातही पाणी. आणि वस्तीतल्या बाया तर सकाळीच घागरी घेऊन ओढ्याच्या डोहाकडं गेलेल्या मी पाहिल्या होत्या. उतरण, मग पात्र ओलांडणं, मग भरल्या घागरी घेऊन चढण. अर्धी सकाळ त्यातच जाते. मी विचारलं, ही विहीर असताना तिकडं कामून? (कामून हा माझा तिथला आवडता शब्द. आपण ‘का’ म्हणून मोकळे होतो, कामून म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं.)

मास्तरांनी चष्मा पुसला. विहीर नागक्कांच्या घरची, जुन्या शेतकरी घराण्याची. पूर्वी वस्तीतल्या बायांनी काठापासून हातभर लांब थांबायचं, घागर पुढं धरायची, आणि नागक्कांनी वरून पाणी ओतायचं. दोराला हात लावायचा नाही. “आम्ही धम्म घेतला, छप्पन्न सालानंतर लगेच, तवा आईनं भरलेली घागर तिथंच पालथी केली. म्हनली, वतलेलं पानी आता घेनार न्हाई. दुसऱ्या दिशी सगळ्या बाया तिच्यामागं ओढ्याला. तवापासून जायलेत.”

“आणि आता? अजून अडवतात?”

“आता कोन अडवतंय? काळ बदलला.” मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “पन या म्हनूनबी कुनी म्हनलं न्हाई.”

गयाबाईंना मी त्या रात्री जेवताना विचारलं, की तुमचा जन्म निजामाच्या राज्यातला, मग म्हैसूर राज्य आलं, आता कर्नाटक. काय फरक पडला? त्या म्हणाल्या, “राज्य बदलत्यात बाबा. ओढा तिथंच हाय.”

बूच खाली गेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला आणि काम सुरू व्हायच्या आधीच अडलं. वस्तीतल्या बाया ओढ्यावरून आणलेल्या घागरी घेऊन मशिनच्या टाकीपाशी उभ्या राहिल्या. प्रत्येक घरची एक घागर टाकीत पडली पाहिजे. बोअर आपली, तिच्या पोटात पहिलं पाणी आपलं. वेंकटराव कळवळून म्हणाले, “नक्को मा, मशिन में कचरा जाता!” कोण ऐकतंय? शेवटी त्यांनी आपला पंचा गाळणीसारखा धरला आणि तासभर घागरीमागून घागर गाळून घेतली. पहिली घागर गयाबाईंची होती. त्या दिवसाचा पिण्याचा सगळा साठा टाकीत गेला. हे लोक आज काय पिणार, असा विचार माझ्या मनात आला आणि मला माझ्या बुचाची एकदम भीती वाटायला लागली.

बूच खाली गेलं, फुगलं, धरलं. मशिन सुरू झालं आणि दाबाचा काटा चढायला लागला. वेंकटरावांनी मला काम दिलं. मी विहिरीपाशी थांबायचं. भेग तिकडं पळाली आणि विहिरीचं बांधकाम ढासळायला लागलं तर लाल कापड हलवायचं, ते मशिन बंद करतील. लाल कापड म्हणजे अर्थात बायकोचं लुगडं. ते खांद्यावर टाकून मी काठावर उभा राहिलो.

विहिरीवर नागक्का होत्या. साठीच्या, उंच, कपाळावर भस्म. त्यांचं माहेर गुलबर्ग्याकडं आळंदला, कानडी मुलखात. मराठी अगदी सफाईनं बोलतात, पण मास्तरांनी सांगून ठेवलं होतं की रागावल्या, घाबरल्या किंवा देवाचं नाव घेतलं की कानडीवर जातात. मला म्हणाल्या, “सावलीला या की. उन्हात उभारून बोअरला पानी येतंय व्हय?” त्यांचा मुलगा शिवप्पा मात्र तोंड पाडून उभा होता. “आमची बावी आटली मंग?” त्यानं दोनदा विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. खरं तर वेंकटरावांनाही नव्हतं.

“आटली तर आटली,” नागक्का म्हणाल्या. “म्या तिकडं वस्तीत जाईन पान्याला.” शिवप्पा हसला नाही.

मशिनचा आवाज एकदम बदलला. पुढं मला कळलं की त्याच क्षणी काटा धाडकन खाली आला होता, म्हणजे दगडानं तोंड उघडलं होतं. पाणी जोरात आत जायला लागलं होतं. मला तिथून फक्त घरघर ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं विहिरीच्या तळाशी, एका कोपऱ्यातून, पाण्यात काहीतरी हललं. मी वाकणार एवढ्यात नागक्का दोन्ही हात वर करून ओरडल्या, “बाव्याग हाल बंतु! हाल बंतु!”

बाव्याग म्हणजे विहिरीत, हे कळलं. आणि हाळ तर माझ्या वहीतला शब्द! विहिरीचं वाटोळं झालं! मी लुगडं फिरवायला लागलो. नुसतं फिरवलं नाही, धावत सुटलो, “बंद करा, बंद करा, हाळ झालं!” वेंकटरावांनी मशिन बंद केलं. दाब सुटला. बोअरच्या तोंडातून पाणी फसफसून परत वर आलं आणि लाल मातीत पसरलं.

“क्या हुआ? दीवार गिरी?”

“नागक्का म्हणाल्या, हाळ आलं.”

वेंकटरावांना कानडी येत नव्हतं. पण जमलेल्या प्रत्येकाला येत होतं. मग वहिनींनी अगदी हळू, वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तसं मला सांगितलं, “हाळ न्हाई हो. हाल. हाल म्हंजे दूध.”

विहिरीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. शाडूचं पाणी! भेग नेमकी त्या सांध्यात जाऊन पोचली होती, जिथं पाणी साठून असतं, जुन्या भुयारवाल्यांनी पकडला होता त्याच थरात. हेच तर हवं होतं. अजून थोडा वेळ दाबलं असतं तर माती धुऊन निघाली असती आणि वाट मोकळी झाली असती. आता अर्ध्यावर थांबल्यामुळं तीच माती भेगेत बसून राहणार होती. टँकर संपत आला होता. दुसऱ्या दिवशी मशिन दुसऱ्या तालुक्यात जायचं होतं. “सूरज डूबने तक पानी होना,” वेंकटराव म्हणाले. “दस-बारा पीपे. नहीं तो खलास.” ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त ट्रकच्या पायरीवर जाऊन बसले.

ओढ्याचं पाणी वर यायला उतरून-चढून संध्याकाळ झाली असती, आणि बाया सकाळीच थकलेल्या. शंभर पावलांवर विहीर होती. कुणी तिचं नाव काढत नव्हतं.

मी मास्तरांच्या घरी गेलो. गयाबाई दारात बसल्या होत्या. त्यांच्यापुढं बसलो आणि त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं, बस, वही, दहा शब्द, लुगडं, सगळं. सांगता सांगता मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पन्नाशीचा माणूस, एका अक्षरापायी पंचवीस घरांचं पाणी घालवून बसला होता.

गयाबाईंचं अंग हलायला लागलं. त्या हसत होत्या. “हाल म्हनली व्हय ती? आवं, त्यो सबूद तर म्या तिच्याकडून शिकले.”

मग त्यांनी सांगितलं. नागक्का नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा म येत नव्हता. सासू दिवसभर तोंड टाकायची आणि त्या विहिरीवर येऊन रडायच्या. गयाबाई घागर धरून उभ्या असायच्या. घागर भरेपर्यंत एक शब्द. नागक्का दोर दाखवून विचारायच्या, ह्ये काय? गयाबाई म्हणायच्या, दोर. मग गयाबाई विचारायच्या, तुमच्यात काय? हग्ग. दूध? हाल. रोज एका घागरीला एक शब्द. तिनं ओतायचं, हिनं झेलायचं, आणि मधल्या हातभर जागेतून शब्द इकडून तिकडं जायचे. बारा वर्षं.

“मंग म्या घागर पालथी केली,” गयाबाई म्हणाल्या. “तिच्यासाटी न्हाई केली. पन तिच्याच समोर केली.”

“त्यानंतर बोलला नाहीत?”

“कामून बोलनार? घागरच न्हाई तर उभारायचं कुटं?”

एवढं बोलून त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, मला उठवायला सांगताहेत. त्या म्हणाल्या, “घागर दे.”

विहीर

त्या पुढं, मी मागं, आणि माझ्यामागं हळूहळू सगळी वस्ती. विहीर आली तशा गयाबाई थांबल्या, काठापासून हातभर लांब. पायांनीच जागा ओळखली असावी. नागक्का रहाटापाशी उभ्या होत्या. शिवप्पा काहीतरी बोलायला पुढं झाला तेव्हा त्या त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, “तू जा, बैलाला पेंड घाल.” तो गेला.

दोघी एकमेकींकडं बघत होत्या. तीस वर्षांत दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि ते त्यांना आत्ताच दिसत होतं. नागक्कांनी बादली उचलली नाही. त्यांनी रहाटावरचा दोर सोडवला, दोन्ही हातांवर घेतला आणि पुढं धरला.

“ह्ये काय?” त्यांनी विचारलं.

गयाबाईंना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण त्या दोन पावलं पुढं झाल्या, काठाच्या दगडावर पाय ठेवला आणि दोर हातात घेतला.

“हग्ग,” त्या म्हणाल्या.

पहिली बादली त्यांनीच शेंदली, म्हणजे सुरुवात त्यांनी केली आणि निम्म्यातून वहिनींनी हात लावला. पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण मीही खांद्यावर घागर घेऊन धावत होतो. विहिरीपासून टाकीपर्यंत बायांची रांग लागली. पांढरं पाणी, हातोहात. वेंकटराव पंचा धरून गाळत होते आणि “मिट्टी है, मिट्टी है” असं ओरडत होते, पण त्यांचं तोंड हसरं होतं. नागक्का रहाटापाशी उभ्या राहून कुणाची बादली रिकामी वर आली तर तिला रागवत होत्या, कानडीत.

उन्हं कलताना मशिन पुन्हा सुरू झालं. माझं बूच पुन्हा फुगलं आणि माझा जीव त्याच्याबरोबर. काटा चढला, थरथरला, आणखी चढला, आणि मग पडला. या वेळी कुणी लाल कापड फिरवलं नाही. मशिन पाणी संपेपर्यंत चाललं. बूच वर आलं तेव्हा मी ते मांडीवर घेऊन सगळीकडून चाचपलं. एका कडेला ओरखडा होता, बाकी शाबूत. बसमधली ती बाई तिथं असती तर तिला पुन्हा लेकरूच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी हातपंप परत बसवला. मास्तरांनी दांडा मारायला घेतला. कोरडा, कोरडा, कोरडा, मग घशात अडकल्यासारखा आवाज, आणि मग पाणी. पांढरंच, पण पाणी. धार जाड नव्हती. वेंकटरावांनी घड्याळ लावून घागरी भरून पाहिल्या आणि म्हणाले की वस्तीला पुरेल, शेतीला नाही. वस्तीनं शेतीचं नावही काढलं नव्हतं. मास्तर चष्मा पुसत होते, या वेळी काही सांगायचं नसताना.

निघताना

मशिन गेलं, पण मी एक दिवस जास्त राहिलो. कारण काही नव्हतं. बोअरचं पाणी हळूहळू निवळायला लागलं. नागक्कांची विहीर आटली नाही, पण तिच्यात ढवळलेला शाडू खाली बसायला दिवस लागणार होते. तिचं पाणी जनावरांपुरतं होतं, पिण्यासारखं नव्हतं. विहिरीचं खरंच हाळ झालं, थोडं, थोड्या दिवसांसाठी. म्हणजे माझं कानडी अगदीच चुकीचं नव्हतं, असं मी वहिनींना सांगितलं, तर त्यांनी मला उरलेली सुशीला बांधून दिली.

मी सकाळी पिशवी घेऊन पंपापाशी उभा होतो. मास्तर मला फाट्यापर्यंत सोडणार होते, ते सायकल काढत होते. एवढ्यात शेताच्या बाजूनं नागक्का आल्या, काखेत रिकामी घागर. पंपाभोवती दोन-तीन बाया होत्या, त्या बाजूला झाल्या. गयाबाई पंपाच्या ओट्यावर बसल्या होत्या, दोन दिवस त्या तिथून हलल्याच नव्हत्या. नागक्का आल्या आणि ओट्यापासून हातभर अंतरावर थांबल्या. दोन्ही हातांनी घागर पुढं धरली आणि कुणीतरी पाणी ओतील म्हणून उभ्या राहिल्या. त्यांना बहुतेक वाटलं असावं, आता इथली रीत ही.

गयाबाई बघत राहिल्या. मग ओट्याला हात टेकवत उठल्या, खाली उतरल्या आणि ती घागर त्यांच्या हातातून काढून घेतली.

“म्या वतनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “दांडा धर.”

नागक्का ओट्यावर चढल्या. त्यांनी हातपंप आयुष्यात कधी चालवला नव्हता, पहिले दोन हिसके फुकट गेले. मग पाणी आलं. खाली गयाबाई वाकून घागर धरून होत्या, पूर्वी धरत असतील तशीच, फक्त या वेळी घागर दुसरीची होती. पाण्यात अजून जरासा पांढरेपणा होता. गयाबाईंनी त्यात बोटं बुडवली आणि ती ओली बोटं वर धरून विचारलं,

“ह्ये काय?”

नागक्कांनी दांडा थांबवला. चाळीस वर्षं मराठी बोलणारी ती बाई नव्या नवरीसारखी अडखळली, डोळे पुसले आणि म्हणाली,

“दूध.”